दारुड्याचा जाब

नात : आबा, जॉन लॉकच्या मते आठवण आहे तोवरच माणूस तोच, हो ना?

आबा : गाइडं वाचलीस वाटतं! अगं, त्याचा ग्रंथ आला 1689च्या अखेरीस, पण हे प्रकरण त्यात नव्हतंच. डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यूने सुचवलं म्हणून ते 1694च्या दुसऱ्या आवृत्तीत आलं. वर्गात घसा कोरडा करून सांगायचो. पोरं लिहायची 1690, आणि तपासणारे पूर्ण गुण द्यायचे!

नात : बरं, पण त्यात आहे काय?

आबा : देह वेगळा, आत्मा वेगळा, व्यक्ती वेगळी. समज, राजपुत्राची जाणीव मोच्याच्या देहात शिरली. लोक त्याला मोचीच म्हणतील. पण राजपुत्राच्या कृत्यांचा जाब देणार तोच. लॉकच्या लेखी ‘व्यक्ती’ हा न्यायनिवाड्याचा शब्द आहे.

नात : मग दारुड्याने रात्री कुणाचं डोकं फोडलं आणि सकाळी त्याला काहीच आठवेना, तर तो सुटला?

आबा : छे! खरंच विसरला की सोंग करतोय, हे न्यायाधीशाला कसं कळावं? म्हणून शिक्षा.

नात : आणि खरंच विसरला असेल तर?

आबा : पुढे ऐक. थॉमस रीड, 1785. एका मुलाने बागेतली फळं चोरली, फटके खाल्ले. तरुणपणी अधिकारी होऊन त्याने शत्रूचं निशाण पळवलं. तेव्हा फटके आठवत होते. म्हातारपणी सेनापती झाला; निशाण आठवतं, फटके नाहीत. लॉकच्या हिशेबाने सेनापती म्हणजे तो अधिकारी, अधिकारी म्हणजे तो मुलगा, पण सेनापती म्हणजे तो मुलगा नव्हे!

नात : कळलं. पण दारुडा?

आबा : बटलर राहिला, ह्यूम राहिला! 1739मध्ये ह्यूम म्हणाला, ‘मी’ म्हणजे संवेदनांचा नुसता गठ्ठा. पुढच्याच वर्षी परिशिष्टात कबूल केलं, गठ्ठा बांधणारी दोरी सापडत नाही. एवढा प्रामाणिकपणा हल्ली...

नात : आबा, दारुडा!

आबा : मॉलिन्यूनेही लॉकला पत्रातून तेच छेडलं होतं. झोपेत चालणाऱ्याची गोष्ट निराळी. पण पिणं हाच मुळात गुन्हा, त्याच्या आडून दुसऱ्यातून सुटका कशी? लॉकने मानलं : धुंदी स्वतःच ओढवून घेतलेली, तेव्हा ‘आठवत नाही’ हे त्याच्या बाजूने धरून चालू नये.

नात : तरी, खरंच विसरला असेल तर?

आबा : तर इथे शिक्षा होईलच. शेवटच्या निवाड्याच्या दिवशी मात्र, लॉक म्हणतो, ज्याला जे ठाऊकच नाही त्याचा जाब त्याला द्यावा लागणार नाही.