घरच्या वाफ्यातील जिरे : व्यापाऱ्यास एक धडा

जिऱ्याची गोणी उघडली की आपण मूठभर दाणे तळहातावर घेतो, चोळतो, वास घेतो आणि भाव बोलतो. परंतु जिऱ्याचे रोप उभे असताना आपल्यापैकी किती जणांनी पाहिले असेल? ज्या मालावर आपला प्रपंच चालतो, त्याचा जन्म एकदा तरी स्वतःच्या अंगणात पाहावा, या हेतूने हा लेख सादर करीत आहे.

जिरे हे धने, बडीशेप व ओवा यांच्याच कुळातील. रोप वीतभर ते हातभर उंचीचे, पाने सुतासारखी बारीक, फुले पांढरी किंवा फिकट गुलाबी व छत्रीसारख्या झुबक्यांत येणारी. शहाजिरे ही वनस्पती मात्र निराळी. ती काश्मीर व हिमाचलच्या थंड डोंगरांत होते.

या पिकाला थंड, कोरडी हवा व निरभ्र आकाश हवे. म्हणूनच भारतातील बहुतेक सर्व जिरे गुजरात व राजस्थान येथे पिकते आणि उत्तर गुजरातेतील उंझा ही त्याची मोठी पेठ झाली आहे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील बंधुभगिनींना हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. गोव्याच्या दमट हवेत यशाची फारशी आशा धरू नये.

पाणी न साचणारी, भुसभुशीत जमीन निवडावी व तीत चांगले कुजलेले खत मिसळावे. नोव्हेंबरच्या पूर्वार्धात, उकाडा ओसरल्यावर, पेरणी करावी. बी सात-आठ तास भिजवून सावलीत कोरडे करावे व ओळींत, एका सेंटिमीटरहून फारसे खोल न जाऊ देता, पेरावे. एका चौरस मीटरला दीड ग्रॅम बी पुरते. रोपे उपटून दुसरीकडे लावू नयेत, मूळ दुखावते. पेरताच झारीने हलके पाणी द्यावे, आठ-दहा दिवसांनी पुन्हा द्यावे. पुढे हात आखडताच ठेवावा. उगवण सावकाश होते, म्हणून उतावीळ होऊ नये. तण मात्र वेळोवेळी काढावे. मर रोगाची बुरशी मातीत टिकून राहते. यास्तव त्याच वाफ्यात तीन वर्षे पुन्हा जिरे घेऊ नये.

सुमारे ११० दिवसांत रोपे पिवळी पडतात. दाणे गळू नयेत म्हणून सकाळी दंव असतानाच ती उपटावीत, वाळवून हलक्या हाताने झोडावीत व सुपाने पाखडावीत.

आता प्रस्तुत लेखकाचा अनुभव. पहिल्या वर्षी बडोद्यास जानेवारीत चार दिवस आभाळ भरून राहिले. वाफा फुलावर होता. रोपे कोमेजलेली वाटली म्हणून मी दयेपोटी संध्याकाळी पाणी घातले. आठवड्याच्या आत करप्याने सारा वाफा तपकिरी होऊन काळवंडला. हाती आले ते चिमूटभर सुरकुतलेले दाणे. तेव्हा पूर्वीचा एक सौदा आठवला. दाणा काळा का, असे विचारता शेतकरी म्हणाला होता, "शेठ, आभाळ आलं होतं." मी ती भाव टिकविण्याची सबब समजलो आणि तसे बोलूनही दाखविले. माल हलका होता, भाव कमी देणे योग्यच होते; परंतु त्या मनुष्यास खोटा ठरविणे योग्य नव्हते.

साधारण पीक आले तर एका चौरस मीटरातून सुमारे ५० ग्रॅमच जिरे मिळते. चार महिन्यांच्या राखणीचे फळ एवढेच! २०२३ साली जिऱ्याने क्विंटलला ५०,००० रुपयांची मर्यादा ओलांडली. त्यामागे आधीच्या हंगामांतील तुटपुंजे पीक होते आणि मार्चमधील अवकाळी पाऊसही होता. वाफा राखलेल्या व्यापाऱ्यास असे आकडे कोडे वाटत नाहीत.

आणखी एक लाभ आहे. घरचे ताजे जिरे ज्याने हुंगले, त्याला रंगविलेल्या गवताच्या बियांची भेसळ लवकर ओळखता येते. दाणे चोळून तळहात काळा झाला, तर माल संशयास्पद समजावा.

मुलांनाही या वाफ्याशी बसवावे. वजनकाटा त्यांना आपण शिकवितोच. काट्यावर येण्यापूर्वी दाण्याने काय सोसले, तेही त्यांना कळू द्यावे. तेवढे कळले, तर समोरच्या शेतकऱ्याचे म्हणणे ऐकून मगच ती भाव बोलतील.