गिटारची तार आणि शिकणाऱ्याची बोटे

खंजिरी हाती आली की वर्धा जिल्ह्यातल्या भजनी मंडळातील पोर महिनाभरात ठेका धरू लागते. पेटीची पट्टी दाबली की सूर तयारच असतो. तो पेटी बनवणाऱ्याने आधीच लावून ठेवलेला असतो. गिटार मात्र पहिल्याच दिवशी शिकणाऱ्याची परीक्षा पाहते. बोटांच्या टोकांवर वळ उठतात, तार खणखणीत वाजण्याऐवजी खरखरते, आणि एका कॉर्डवरून दुसऱ्या कॉर्डवर जाताना गाणे मध्येच थांबते. दोन-तीन महिन्यांनी वाद्य खिळ्याला टांगले जाते आणि विद्यार्थी निकाल देऊन मोकळा होतो, "माझ्या हातात कलाच नाही." हा निकाल पुराव्यावाचून दिलेला आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने तो तसाच मान्य करू नये.

कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सोनोमीटर नावाची एक लांबट पेटी असते. तिच्यावरील तारेला वजने टांगून ताण देतात. गिटार म्हणजे सहा तारांचा सोनोमीटरच. वजनांऐवजी येथे खुंट्या पिळायच्या, एवढाच फरक. तारेची कंप्रता तिची लांबी, ताण आणि जाडी यांवर कशी अवलंबून असते, हे फ्रान्समधील मेर्सेन याने १६३६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडले. लांबी निम्मी केली तर कंप्रता दुप्पट होते. ती दुप्पट करण्यासाठी ताण मात्र चौपट करावा लागतो.

आता आकडे घालून पाहू. गिटारच्या तारेची मोकळी लांबी सुमारे ६५ सें.मी. असते. सर्वांत बारीक तार ३३० हर्ट्झला लावतात. दुप्पट लांबीला कंप्रतेने गुणले की तारेतील तरंगाचा वेग मिळतो. तो येथे सेकंदाला ४२९ मीटर येतो. ०.३ मि.मी. जाडीच्या पोलादी तारेचे एक मीटरचे वस्तुमान सुमारे ०.५५ ग्रॅम भरते. वेगाचा वर्ग गुणिले हे वस्तुमान म्हणजे ताण. उत्तर येते जवळजवळ १०० न्यूटन, म्हणजे दहा किलोग्रॅम वजन टांगल्याइतका. सहाही तारांचा ताण मिळून एका प्रौढ माणसाच्या वजनाएवढा होतो, आणि तो त्या बारीक दांडीने रात्रंदिवस सोसायचा असतो.

दांडीच्या डोक्याजवळ खाचा असलेली एक पट्टी असते, तिच्यावरून तारा पुढे जातात. तिला नट म्हणतात. समजा, नटाजवळ तार पहिल्या पडद्यापासून १ मि.मी. उंच आहे आणि बोट नटापासून ३ सें.मी.वर पडते आहे. तार १ मि.मी. खाली न्यायची तर बोटाला सुमारे ३.५ न्यूटन बल लावावे लागेल. म्हणजे ३५० ग्रॅम वजनाइतके; यात भिण्यासारखे काय? पण हे बल पेलणारी जागा पाहा. ०.३ मि.मी. रुंद आणि फार तर १ सें.मी. लांब, म्हणजे अवघे ३ चौरस मि.मी. बलाला क्षेत्रफळाने भागले की दाब येतो साडेअकरा वातावरणांइतका. मोटारीच्या टायरमध्ये भरलेल्या हवेच्या दाबाच्या हा सुमारे पाचपट आहे! बोट दुखले तर त्यात बोटाचा काय दोष?

आणि याच हिशेबात उपायही दडलेला आहे. तारेची उंची निम्मी केली की बलही निम्मे होते. स्वस्तातल्या गिटारींची नटाची खाच पुष्कळदा पुरेशी खोल कोरलेली नसते. याची परीक्षा सोपी आहे. तार तिसऱ्या पडद्याच्या मागे दाबून धरा आणि पहिल्या पडद्यावर तार व पडदा यांच्यामधील फट पाहा. वहीचा एखादा कागद जेमतेम सरकेल एवढी ती असावी. पोस्टकार्ड सहज शिरत असेल, तर वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. खाच स्वतः घासू नका. जास्त घासली गेली तर तार पडद्याला लागून खरखरेल. नायलॉनच्या तारांना ताण कमी असतो आणि बारीक तारही जवळजवळ ०.७ मि.मी. जाड असते. त्यामुळे तेवढ्याच उंचीला दाब तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी पडतो. शाळकरी मुलांनी नायलॉनच्या तारांच्या गिटारवर सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पडद्यांमधील अंतरे सारखी नसतात, हे तुम्ही पाहिलेच असेल. प्रत्येक पडद्यागणिक तारेची लांबी १.०५९५ ने भागली जाते, कारण ही संख्या बारा वेळा स्वतःशी गुणली की २ येतात आणि बाराव्या पडद्यावर सप्तक पुरे होते. म्हणून पहिले घर ३.६५ सें.मी. रुंद, तर बारावे फक्त १.९ सें.मी. आता गंमत बघा. नवशिक्याला शिकवतात त्या कॉर्ड पहिल्या तीन घरांत असतात, म्हणजे जेथे बोटे सर्वांत जास्त ताणावी लागतात आणि नट जवळ असल्याने जोरही सर्वांत जास्त लागतो! आठवीतल्या मुलाच्या हाताला हे जड जाते. तिसऱ्या पडद्यावर कॅपो नावाचा चिमटा लावला, तर पुढचे घर ३.१ सें.मी.चे उरते आणि नटाच्या उंचीचा प्रश्नही मिटतो. सूर तीन पायऱ्या चढतो, पण शिकण्याच्या दिवसांत त्याने काही बिघडत नाही.

बोट घराच्या मध्यावर नव्हे, तर पडद्याच्या अगदी मागे ठेवावे. तेथे बोटाचे जवळजवळ सगळे बल तार पडद्यावर टेकवण्यात खर्च होते. बोट मागे गेले की बलाचा मोठा वाटा नटाकडे जातो आणि तार पडद्यावर सैल बसून खरखरते. ही खरखर थांबावी म्हणून विद्यार्थी आणखी जोराने दाबतो, त्यात तार बाजूला सरकते, ताण वाढतो आणि सूर चढतो. सतारवादक ज्याला मींड म्हणतात, तीच क्रिया येथे नकळत आणि नको तेथे घडते. खरखर सगळीकडे दोषच असतो असे मात्र नाही. तंबोऱ्याच्या घोडीचा बाक आणि तिच्यावर तारेखाली सरकवलेला दोरा यांमुळे तार घोडीला हलकेच स्पर्श करीत राहते आणि तिच्यातून अनेक स्वर झंकारतात. त्याला जवारी म्हणतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली तिच्यावर निबंध लिहिला. मिरजेच्या कारागिरांचे हात या जवारीसाठी प्रसिद्ध आहेत. तेथील सतार व तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे, ती उन्हाची. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांवर जातो. सकाळी २५ अंशांना लावलेली गिटार दुपारी ४५ अंशांच्या ओसरीत वाजवली तर काय होईल? पोलाद एका अंशाला स्वतःच्या लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांश प्रसरण पावते. लाकूड रेषांच्या दिशेने त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेच वाढते. २० अंशांच्या फरकाने तारेचा ताण सुमारे दोन न्यूटनांनी उतरतो आणि ३३० ची कंप्रता ३२६-३२७ वर येते. शेजारी पेटी वाजत असेल, तर सेकंदाला तीन-चार विस्पंद स्पष्ट ऐकू येतील. मुलाला वाटते, आपण बेसूर वाजवतो आहोत. प्रत्यक्षात बेसूर झालेली असते तार! गिटार सुरात लावणे हा धड्याचा पहिला भाग समजून रोज, आणि उन्हाळ्यात दर अर्ध्या तासाने करावा.

येथवर दोष वाद्याचा किंवा हवेचा होता. खरी कठीण गोष्ट यापुढे आहे. काही दिसल्यावर किंवा ऐकल्यावर बोट हलायला सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. सेकंदाला आठ स्वर वाजवणाऱ्याला आधीचा स्वर ऐकून पुढचे बोट सुधारण्याइतका वेळच मिळत नाही. वादकाची बोटे सेकंदाला सोळा आघातांपर्यंत पोचू शकतात, याकडे लॅशले या शास्त्रज्ञाने १९५१ साली लक्ष वेधले होते. त्याचे म्हणणे असे की, हालचालींची साखळी मेंदूत आधीच रचलेली असली पाहिजे. म्हणूनच सावकाश सराव करायचा. सावकाश वाजवताना चूक सुधारण्यास वेळ मिळतो आणि साखळी बरोबर रचली जाते. घाईने वाजवले तर चुकीची साखळी तितक्याच इमानाने पक्की होते.

लय राखण्यासाठी महागडे यंत्र नको. दोऱ्याला जड नट किंवा दगड बांधून लंबक करा. दोरा ९९ सें.मी. ठेवला की एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाण्यास एक सेकंद, म्हणजे मिनिटाला ६० मात्रा. ६९ सें.मी.ला ७२, तर ४४ सें.मी.ला ९० मात्रा मिळतात. एका मिनिटात दोन कॉर्डमधील स्वच्छ बदल किती झाले ते मोजा आणि रोजचा आकडा आलेखकागदावर मांडा. रेषा आधी झपाट्याने चढेल, मग कदाचित आडवी पडेल. नेमके तेव्हाच पुष्कळजण सोडून देतात. ब्रायन आणि हार्टर यांनी १८९७ व १८९९ साली अमेरिकेतील तारायंत्र शिकणाऱ्यांचे असे आलेख प्रसिद्ध केले. संदेश घेण्याचा वेग काही आठवडे एका जागी थांबे आणि मग पुन्हा वाढे. त्यांच्या मते त्या काळात सुटी अक्षरे ऐकण्याची सवय जाऊन शब्दच्या शब्द ऐकण्याची सवय लागत होती. नंतरच्या प्रयोगांत हे पठार प्रत्येक वेळी दिसले नाही. तेव्हा तुमच्या आलेखात ते येते की नाही, हे तपासण्यासारखे आहे.

मेंदूत प्रत्यक्ष काय दिसते? १९९५ साली जर्मनीतील एल्बर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी तंतुवाद्ये वाजवणाऱ्या नऊ जणांची तपासणी केली. डाव्या हाताच्या बोटांना, विशेषतः करंगळीला, प्रतिसाद देणारा मेंदूचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला आणि लहान वयात शिकू लागलेल्यांत हा फरक अधिक होता. त्या नऊ जणांत सहा व्हायोलिनवादक, दोन चेलोवादक आणि गिटारवादक एकच होता. एवढ्या थोड्या लोकांवरून शिकण्याने मेंदू बदलला, की तसा मेंदू असलेलेच वादक झाले, हे ठरत नाही. मात्र सुरुवातीचे वय आणि फरक यांचा मेळ पहिल्या शक्यतेकडे बोट दाखवतो.