वडिलांच्या मृत्युपत्रातली अट मला पाळावीच लागेल का?

प्रश्न : माझं वय ४६, अविवाहित. पगार कुठे ठेवायचा इथपासून कुणाकडे जायचं इथपर्यंत सगळं वडीलच ठरवत. गेल्या वर्षी ते वारले. नाशिकचं स्वकष्टार्जित घर आणि मुदत ठेव त्यांनी मृत्युपत्रानं मला 'संपूर्ण मालकी हक्काने' दिली आहे. पुढे लिहिलंय, की घर कधीही विकू नये आणि ठेव घराच्या डागडुजीसाठीच वापरावी. व्यवस्थापक म्हणून नेमलेले काका म्हणतात, 'दादांचा शब्द मोडू नकोस.' मला घर विकून पुण्याला राहायला जायचंय. माझं चुकतंय का?

– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, तुमचं चुकत नाही. मृत्युपत्रातले शब्द हेच असतील, तर कायदाही तुमच्या बाजूनं आहे.

घर एकदा संपूर्ण मालकीनं दिलं, की विकण्याचा अधिकार त्यात आलाच. नंतर घातलेली 'कधीही विकू नये' ही अट त्या मालकीशी विसंगत असल्यानं टिकत नाही. ठेवीसाठी भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ चं कलम १३८ आहे. रक्कम पूर्णपणे दिलेली असेल, तर ती अमुकच कामासाठी वापरावी ही सूचना लिहिलेलीच नाही असं धरून ती तुम्हाला मिळते. हे कलम हिंदूंच्या मृत्युपत्रांनाही लागू आहे.

मात्र संपूर्ण मृत्युपत्र वकिलाला दाखवा. 'हयातीपुरता उपभोग' किंवा 'तिच्या पश्चात घर पुतण्याला' असा मजकूर असेल, तर तुमचा हक्क मर्यादित ठरू शकतो.

देणी भागवून मालमत्ता तुमच्या हाती देणं, एवढंच व्यवस्थापकाचं काम. पुढे तुम्ही तिचं काय करावं, हे काकांनी ठरवायचं नाही. मृत्यूचा दाखला आणि मृत्युपत्राची प्रत देऊन मिळकत पत्रिकेवर व घरपट्टीवर तुमचं नाव लावून घ्या. बँक खात्यांवरचं वडिलांचं नाव कमी करा, नामनिर्देशन बदला.

वडिलांवर माया असणं आणि त्यांच्या इच्छेबाहेर पाऊल टाकणं, दोन्ही एकाच मुलीला जमतं. घाईही नको : आधी काही महिने पुण्यात भाड्यानं राहून पाहा. ते शहर मानवलं, तर निर्धास्तपणे घर विका. नाही मानवलं, तर ठेवा. दोन्हीपैकी काहीही केलंत, तरी तो निर्णय तुमचा असेल.