चौल बंदर : प्रवाशांनी काय पाहिले, काय ऐकले

बालमित्रांनो, आपल्या परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. आपल्याकडे गोदामाई आहे, पूर्णा आहे, दुधना आहे. पण आपल्यापैकी पुष्कळांनी समुद्र अजून पाहिलेला नाही. मग दूरच्या बंदराची माहिती कशी मिळवायची? जो जाऊन आला त्याला विचारायचे, नाहीतर त्याने लिहिलेले वाचायचे. पण त्याचे सगळेच खरे मानायचे का? चला, पाहू या.

रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेला, कुंडलिका नदी समुद्राला मिळते तिथे चौल हे गाव आहे. आज तिथे नारळी-पोफळीच्या वाड्या दिसतात. एके काळी मात्र हे नावाजलेले बंदर होते, बरं का!

इजिप्त देशात समुद्रकाठी अलेक्झांड्रिया हे फार जुने शहर आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात तिथे टॉलेमी नावाचा विद्वान राहत होता. त्याच्या ग्रंथात सिमुल्ला हे बंदर आहे. सिमुल्ला म्हणजेच चौल, असे अभ्यासक मानतात. आपल्या गोदावरीकाठचे पैठणही त्याच ग्रंथात आहे. टॉलेमीच्या आधीच्या एका विद्वानाने हे बंदर सिंधू नदीच्या पश्चिमेला दाखवले होते. टॉलेमीने तिकडे जाऊन आलेल्यांचे सांगणे पडताळले. त्यावरून बंदर सिंधूच्या मुखापासून दक्षिणेला आहे, हे कळले. तिथले लोक त्याला 'तिमुला' म्हणतात, हेही कळले. माहितगाराच्या सांगण्यावरून जुनी चूक दुरुस्त झाली.

पुढे इ. स. ९१६ च्या सुमारास बगदादचा अल् मसुदी चौलला आला. तेव्हा तिथे राष्ट्रकूटांचे राज्य होते. आपला मुलूखही त्याच राज्यात होता. ओमान, बसरा, बगदाद अशा ठिकाणांहून आलेले सुमारे दहा हजार मुसलमान तिथे राहतात, असे त्याने लिहून ठेवले.

इ. स. १४६९ च्या सुमारास रशियातला व्यापारी अफनासी निकितीन चौलला उतरला. वाटेत लुटारूंनी त्याचा माल लुटला होता. विकण्यासाठी एक घोडा मात्र त्याने जहाजातून आणला. लोक डोकी उघडी ठेवतात, केसांची एकच वेणी घालतात, आणि मी जाईन तिथे गोऱ्या माणसाला पाहायला मागे गर्दी करतात, असे तो लिहितो. म्हणजे तो आपल्या लोकांना पाहत होता आणि आपले लोक त्याला! पुढे तो जुन्नरला गेला. पावसाळ्याचे चार महिने सगळीकडे चिखलच चिखल होता, असे तो सांगतो. तिथून तो बहामनी राज्याची राजधानी बीदर येथे गेला.

आता गंमत ऐका. हाच निकितीन लिहितो की, 'गुकुक' नावाचा पक्षी रात्री ज्या घरावर बसतो त्या घरी माणूस मरतो, आणि त्याला मारायला गेले तर चोचीतून आग निघते! हे त्याने पाहिले होते का? नाही, कुणीतरी सांगितले आणि त्याने लिहून घेतले. आपल्याकडेही घुबडाबद्दल असेच बोलतात. घुबड तर उंदीर खाऊन शेतकऱ्याचे धान्य वाचवते. चिखल डोळ्यांनी पाहिलेला, आग कानांनी ऐकलेली. दोन्ही एकाच पुस्तकात आहेत. निवड वाचणाऱ्याने करायची.

मुलांनो, प्रवासी व्हायला जहाज लागत नाही. आपल्यातली काही मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीला दूरच्या गावी जातात. त्यांनी पाहिलेला मुलूख बाकीच्यांनी पाहिलेला नसतो. ती परत आली की त्यांना विचारा, आणि त्यांनी सांगितलेले या भिंतीवर लावा.

स्वाध्याय
१. टॉलेमीने जुनी चूक कशी दुरुस्त केली?
२. निकितीनने पाहिलेली व ऐकलेली एकेक गोष्ट लिहा.
३. तुम्ही पाहिलेल्या एका गावाविषयी दहा ओळी लिहा. पाहिलेल्या गोष्टीपुढे 'पा' आणि ऐकलेल्या गोष्टीपुढे 'ऐ' अशी खूण करा.