घरातलं 'लावणं' आणि 'करणं' : रोजच्या जगण्यातून इंग्रजी शब्दसंपत्ती



महाराष्ट्रातल्या मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवलं जातं. म्हणजे दहावीपर्यंत मूल दहा वर्षं इंग्रजी शिकतं. तरीही 'सकाळी उठल्यापासून काय काय केलंस ते इंग्रजीत सांग' म्हटलं की वर्ग गप्प. शब्द येत नाहीत असं नाही. कूकर, मिक्सर, टॉवेल, ब्रश, चार्जर ही नामं पोरांच्या तोंडी असतातच. गाडी अडते ती क्रियापदापाशी. म्हणून फळं-भाज्यांच्या याद्या पाठ करून घेण्यापेक्षा मी मुलांना घरातली क्रियापदं पकडायला सांगते.

'लावणे' हे एकच क्रियापद घ्या. गजर लावला, दार लावलं, टीव्ही लावला, कूकर लावला, तेल लावलं, झाड लावलं. इंग्रजीत प्रत्येकाला वेगळा शब्द: सेट द अलार्म, क्लोज द डोअर, टर्न ऑन द टीव्ही, पुट द कूकर ऑन, अप्लाय ऑइल, प्लांट अ ट्री. गंमत बघा, दार लावलं की बंद होतं आणि टीव्ही लावला की चालू होतो! हे फळ्यावर लिहिलं की मुलं हसतात आणि मग विसरत नाहीत. 'बंद करणे'चंही तसंच. दार क्लोज होतं, पण लाइट 'क्लोज' होत नाही, तो टर्न ऑफ करायचा.

'करणे' तर याहून दमवतं. चहा करणे आणि चूक करणे याला 'मेक', गृहपाठ करणे याला 'डू', अंघोळ करणे याला 'टेक' किंवा 'हॅव'. यामागचा नियम शोधत बसू नका. 'मेक टी', 'टेक अ बाथ' अशा जोड्याच तोंडात बसू द्या.

वाक्प्रचारांची सुरुवात ओळखीच्यांपासून करावी. जखमेवर मीठ चोळणे इंग्रजीतही मीठच चोळतं. लोणी लावणे म्हणजे 'बटर समवन अप'. आगीतून फुफाट्यात पडण्याऐवजी इंग्रज माणूस तव्यातून आगीत पडतो, 'आऊट ऑफ द फ्राइंग पॅन इंटू द फायर'. हातचा मळ मात्र तिकडे केकचा तुकडा होतो, 'अ पीस ऑफ केक'. आपल्या पोटात कावळे ओरडतात, तर त्यांना अख्खा घोडा खावासा वाटतो! आणि 'डोकं खाऊ नकोस'चं शब्दशः भाषांतर बाहेरच्या माणसाला कळणार नाही, तिथे 'स्टॉप पेस्टरिंग मी' म्हणावं. गाइडांमधला तो मांजरं-कुत्र्यांचा पाऊस मी तरी शिकवत नाही. रोजच्या बोलण्यात तो क्वचितच पडतो.

आता पालकांसाठी. 'आम्हालाच इंग्रजी येत नाही, आम्ही काय शिकवणार?' असं म्हणून बरेच जण बाजूला होतात आणि मुलाला क्लासला घालतात. पण या अभ्यासात आईवडिलांना इंग्रजी यायची गरजच नाही, त्यांचं मराठी हवंय. वहीचे दोन भाग करा. स्वयंपाक चालू असताना मुलानं जवळ बसावं. आई कांदा चिरते, बटाटे सोलते, गाजर किसते, कणीक मळते, पोळी लाटते. ही वाक्यं डावीकडे लिहायची. उजवीकडे येईल ते इंग्रजी: चॉप, पील, ग्रेट, नीड, रोल आऊट. आलं नाही तर जागा रिकामी ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी शाळेत विचारायचं. शिक्षकांनी त्या रिकाम्या जागांवरून तास घ्यावा, कारण मुलाला नेमकं काय बोलायचं होतं ते तिथेच दिसतं.

पाचवी-सहावीला आठवड्याला पाच वाक्यं पुरेत. 'चपातीला इंग्रजीत काय म्हणतात?' यावर मूल अडलं, तर चपातीच लिहू द्या. चपाती आणि चटणी, दोन्ही शब्द ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहेत. फोडणीसाठी मात्र 'टेम्परिंग' सांगावं लागेल.