कंधारच्या टेकड्या : एका उन्हाळी पदभ्रमणाचा पाठ

नांदेड जिल्ह्यातील कंधार तालुका बालाघाटच्या डोंगररांगांत वसला आहे. येथील डोंगर सह्याद्रीसारखे उत्तुंग नाहीत. एकीला लागून दुसरी अशा या लहान टेकड्या असून एका दिवसात त्यांपैकी चार-पाच टेकड्या सहज ओलांडता येतात. तरीही पदभ्रमणाचा विषय निघाला की मराठवाड्यातील तरुणांची दृष्टी पश्चिमेकडील गडकोटांकडे वळते आणि उन्हाळ्यात तर दाराबाहेरचा डोंगर कोणी चढत नाही. वास्तविक, आपल्या शिवाराचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या मित्रमंडळींसाठी चैत्र-वैशाखासारखा दुसरा काळ नाही.

उन्हाळाच का?

पावसाळ्यात डोंगर हिरवा दिसतो, पण त्याचा सांगाडा झाकलेला असतो. उन्हाळ्यात गवत वाळते, ओढे कोरडे पडतात आणि पाण्याने कोरलेली प्रत्येक घळ उघडी दिसते. माती कोठून वाहून गेली, कोठे साचली, कोणता बंधारा गाळाने भरला, हे सारे या दिवसांत डोळ्यांनी वाचता येते.

कंधारचा बहुतेक भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या पाषाणाचा आहे. लाव्हाचे थर एकावर एक पसरल्यामुळे टेकड्यांना पायऱ्यांसारखा आकार आला आहे. घट्ट थरात पाणी मुरत नाही. ते भेगांत, सच्छिद्र थरांत आणि मुरुमातच साठते. जिल्ह्यात वर्षाला नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही अनेक विहिरी उन्हाळ्यात तळ गाठतात, त्याचे एक मोठे कारण या खडकात आहे.

पूर्वजांचे जलाशय

पदभ्रमणाचा प्रारंभ कंधार गावातील जगत्तुंग समुद्राच्या काठावरून करणे उचित ठरेल. हा जलाशय राष्ट्रकूट काळातील असून जगत्तुंग हे त्या राजघराण्यातील बिरुद होय. जवळच मन्याड नदीच्या खोऱ्यात कंधारचा भुईकोट किल्ला खंदकासह उभा आहे. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण (इ. स. ९३९ ते ९६७) याच्या काळाशी या स्थळाचे नाते सांगितले जाते. हजार वर्षांपूर्वी येथे नगर वसविणाऱ्यांनी पाणी अडविण्याचाही विचार केला होता, ही गोष्ट विद्यार्थ्यांना त्या काठावर उभे करून सांगितल्यास पुस्तकातील इतिहासाला अर्थ येतो.

माथ्यावरची रेघ

पहिल्या टेकडीचा माथा गाठल्यावर क्षणभर थांबून दोन्ही बाजूंचे उतार पाहावेत. एका बाजूला पडलेला थेंब एका ओढ्यात जातो, दुसऱ्या बाजूचा दुसऱ्या ओढ्यात. पाण्याची अशी वाटणी करणारी ही माथ्यावरची रेघ म्हणजे पाणलोटाची सीमा. कंधार परिसरातील पाणी मन्याडला मिळते. या नदीवर लिंबोटी येथे ऊर्ध्व मानार आणि बारूळ येथे निम्न मानार असे दोन प्रकल्प आहेत. पुढे मन्याड मांजरेला आणि मांजरा गोदावरीला मिळते.

पाणलोटाची सीमा आणि गावाची शीव बहुधा एक नसते, हा या दिवसाचा मुख्य पाठ होय. डोंगराचा माथा एका गावाचा, मधला उतार दुसऱ्याचा आणि पायथ्याची विहीर तिसऱ्याची असू शकते. वरच्या गावाने चर खोदले नाहीत, तर खालच्या गावाचा बंधारा दोन-तीन पावसाळ्यांत गाळाने भरू शकतो. वाळलेल्या बंधाऱ्यात उतरून गाळाची जाडी मोजली, म्हणजे हे कोणालाही पटवून द्यावे लागत नाही. म्हणूनच कामे माथ्यापासून पायथ्याकडे करावीत, असे पाणलोट विकासाचे सूत्र आहे. प्रथम माथ्यावर व उतारावर सलग समतल चर, मग घळीत अनघड दगडांचे बांध आणि शेवटी पायथ्याशी माती नाला बांध, हा त्याचा क्रम.

हिशेबही सोपा आहे. एक हेक्टर उतारावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर १० हजार लिटर पाणी मिळते. ५० मिलिमीटरच्या एका सरीत हेच पाणी ५ लाख लिटर, म्हणजे १० हजार लिटरच्या ५० टँकरांइतके होते. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ते अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर होते. डोंगरावरून वाहून जाणाऱ्या सरीचे मोल अशा वेळी कळते.

सोबती कोण असावेत?

गट सहा ते दहा जणांचा पुरे. त्यात दोन-तीन शेजारी गावांतील मित्र असावेत. शिक्षक, पंच, ग्रामसेवक यांच्याबरोबर डोंगराची खडान्‌खडा माहिती असणारा गुराखी आणि पाण्यासाठी पायपीट करणाऱ्या घरातील एखादी भगिनी आवर्जून असावी. सभेत शिवेवरून अडून बसणारी माणसे एका सावलीत भाकरी, ठेचा व कांदा वाटून खाताना अधिक मोकळेपणाने बोलतात.

उन्हाची शिस्त

मे महिन्यात येथे तापमान ४२ अंशांच्या वर जाते. त्यामुळे पहाटे उजाडण्यापूर्वी निघून दहाच्या आत माथ्यावरची चाल संपवावी. दुपारी चारपर्यंत झाडाच्या सावलीत विसावा घ्यावा व उरलेल्या टेकड्या उतरत्या उन्हात पार कराव्यात. प्रत्येकी चार-पाच लिटर पाणी, रुमाल अथवा टोपी, ताक किंवा ज्वारीची आंबील बरोबर असावी. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ हे मिश्रणही उपयुक्त असते. अंग तापून सोबती असंबद्ध बोलू लागला, तर त्याला सावलीत निजवून अंग ओले करावे, वारा घालावा आणि विनाविलंब दवाखान्यात न्यावे.

वाळल्या गवतात विस्तव करू नये. एका ठिणगीने वणवा पेटतो. राखीव वनात जाण्यापूर्वी वन विभागाची परवानगी घ्यावी. दुपारनंतर वळवाचे ढग दाटल्यास माथा सोडून खाली यावे आणि एकाकी झाडाखाली थांबू नये.

मेच्या मध्यास कंधारला मध्यान्हीचा सूर्य ऐन डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. विसाव्याच्या वेळी मुलांना हा प्रयोग अवश्य दाखवावा.

नोंद आणि ग्रामसभा

संध्याकाळी परतल्यावर एका कागदावर डोंगराचा साधा नकाशा काढावा. त्यात उघडे पडलेले उतार, गाळाने भरलेले बांध, कोरड्या व जिवंत विहिरी यांची नोंद करावी. हा नकाशा संबंधित सर्व गावांच्या ग्रामसभांत मांडला, तर पुढील कामांची जागा कोणाच्या आग्रहावर ठरणार नाही. मृगापूर्वी अशी एक चाल प्रत्येक डोंगराळ गावाने करावी. ज्यांनी डोंगर एकत्र चढला, त्यांना त्याचे पाणी एकत्र अडविणे अवघड जाणार नाही.