कृष्णाकाठचे प्लॅस्टिक आणि दूरचा समुद्र

सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. पश्चिमेस सह्याद्रीची भिंत उभी आहे आणि तिच्यापलीकडे कोकण आहे. त्यामुळे सागरातील प्लॅस्टिकच्या प्रदूषणाचा विषय निघाला, की तो मुंबईचा, रत्नागिरीचा किंवा फार तर मच्छीमारांचा प्रश्न आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. भूगोलाच्या कसोटीवर ही समजूत टिकत नाही.

कृष्णा नदी महाबळेश्वरजवळ सुमारे १,३३७ मीटर उंचीवर उगम पावते. तेथून अरबी समुद्र केवळ ६४ किलोमीटर अंतरावर आहे. तथापि कृष्णा त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेकडे वळते आणि सुमारे १,४०० किलोमीटरचा प्रवास करून आंध्र प्रदेशात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरास मिळते. संगम माहुलीस वेण्णा, कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना, ब्रह्मनाळ येथे येरळा आणि हरिपूर येथे वारणा तिला येऊन मिळतात. माण व फलटण या कमी पावसाच्या तालुक्यांतील पाणीदेखील माणगंगा व नीरा यांच्या वाटे भीमेस आणि भीमेबरोबर रायचूर जिल्ह्यात कृष्णेसच जाते. याचा अर्थ असा, की या दोन जिल्ह्यांतील ओढा कोणताही असो, त्याचा शेवट बहुतेक ठिकाणी कृष्णेत आणि म्हणून समुद्रातच आहे.

साताऱ्याची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री पश्चिमेस उतरून बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रास मिळते. कोयनेच्या शिवाजीसागर जलाशयातील पाणीही वीजनिर्मितीसाठी पोफळीकडे वळविले जाते. कृष्णा पाणीवाटप लवादाने त्यासाठी वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाण्याची मुभा दिलेली आहे. हे पाणी पुढे वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्रास जाते. महाबळेश्वरच्या डोंगरमाथ्यावर एखाद्या प्रवाशाने फेकलेली पिशवी कोणत्या उतारावर पडली, एवढ्यावरच ती पूर्वसागराकडे जाईल की पश्चिमसागराकडे, हे ठरते.

नदीतून समुद्राकडे

समुद्रात दरवर्षी किती प्लॅस्टिक जाते, याचा पहिला विश्वासार्ह अंदाज २०१५ साली प्रसिद्ध झाला. १९२ किनारी देशांतून २०१० या एका वर्षात ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लॅस्टिक समुद्रात गेले असावे, असा तो अंदाज होता. त्यानंतर नद्यांचा निराळा अभ्यास सुरू झाला. जगातील दहा-बारा महानद्याच बहुतेक प्लॅस्टिक वाहून नेतात, असे प्रथम मानले गेले. २०२१ साली झालेल्या एका विस्तृत अभ्यासाने मात्र हे चित्र बदलले. नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लॅस्टिकपैकी सुमारे ८० टक्के भार एक हजाराहून अधिक नद्यांत विभागलेला असून, त्यांत दाट वस्तीतून वाहणाऱ्या लहान नद्यांचा वाटा मोठा आहे, असे त्यात दिसून आले. ग्रामपंचायत सदस्यांच्या दृष्टीने हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. दोष पाच-दहा महानद्यांचाच असता, तर आपल्या गावच्या ओढ्याकडे दुर्लक्ष करता आले असते.

साताऱ्यात टाकलेली प्रत्येक पिशवी हंसलदीवीस पोहोचते, असा याचा अर्थ नव्हे. तसे सांगणे अतिशयोक्तीचे ठरेल. कृष्णेवर वाटेत धोम, अलमट्टी, नारायणपूर, जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर आणि शेवटी विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा अशी अडवणुकींची मालिकाच आहे. पॉलिथिन व पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलके असल्याने तरंगतात. पाण्याच्या बाटलीचे पेट आणि नळांचे पीव्हीसी पाण्याहून जड असल्याने, हवा निघून गेल्यावर बुडतात. त्यामुळे बरेचसे प्लॅस्टिक जलाशयांच्या तळाशी, गाळात आणि काठावरील बाभळींत अडकून राहते. यात समाधान मानण्यासारखे मात्र फारसे काही नाही. या जलाशयांतील पाण्यावरच खालच्या भागातील अनेक गावांची तहान भागते. पुराच्या काळात सांगलीकरांचे लक्ष अलमट्टीच्या पाणीपातळीकडे लागलेले असते आणि ते स्वाभाविकच आहे. पण अलमट्टीच्या काठी राहणाऱ्यांनी, वरून पाण्याबरोबर आणखी काय येते, असे विचारले, तर आपणापाशी उत्तर काय आहे?

शिवाय प्लॅस्टिक कुजत नाही, ते केवळ फुटते. ऊन, घर्षण आणि लाटा यांमुळे त्याचे तुकडे होत जातात. पाच मिलिमीटरपेक्षा लहान अशा तुकड्यांना सूक्ष्मप्लॅस्टिक म्हणतात, आणि ही संज्ञा २००४ सालापासून शास्त्रीय लेखनात रूढ झाली. पिशवी धरणाच्या भिंतीस अडते, हे कण अडत नाहीत. ते विसर्गाबरोबर पुढे जातात. सूक्ष्मप्लॅस्टिकचा आणखी एक उगम आपल्या ध्यानात सहसा येत नाही, तो म्हणजे धुणे. पॉलिस्टरची साडी किंवा सदरा धुताना त्यातून बारीक तंतू सुटतात. समुद्रात कणरूपानेच जाणाऱ्या प्लॅस्टिकपैकी सुमारे एक-तृतीयांश भाग कृत्रिम कापडाच्या धुण्यातून येतो, असा २०१७ सालचा एक आंतरराष्ट्रीय अंदाज आहे.

समुद्रात पोहोचल्यावर काय होते, हे समजण्यास आपणास दूर जावे लागत नाही. उकिरड्यावर चरणाऱ्या गाईच्या पोटातून पशुवैद्यांनी पिशव्यांचा गोळा काढल्याचे आपण पाहिले वा ऐकले आहे. समुद्रात तेच घडते, फक्त तेथे पशुवैद्य नसतो. २०१९ च्या मार्चमध्ये फिलिपीन्सच्या किनाऱ्यावर मरून पडलेल्या एका देवमाशाच्या पोटातून सुमारे ४० किलो प्लॅस्टिक निघाले. समुद्री कासवे तरंगती पिशवी जेलीफिश समजून गिळतात. कोकणात वेळासच्या वाळूत अंडी घालण्यास येणारी ऑलिव्ह रिडले कासवे कृष्णेच्या मुखाजवळच्या किनाऱ्यावरही येतात.

आपल्या भागातील प्लॅस्टिक

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. प्लॅस्टिकबंदीची चर्चा बाजारातील पिशवीपाशी सुरू होऊन तेथेच संपते. कृष्णाकाठच्या गावांत मात्र प्लॅस्टिक शिवारातही तितकेच आहे. ठिबकच्या नळ्या, टोमॅटो, मिरची व कलिंगडाच्या गादीवाफ्यांवर अंथरलेला मल्चिंग पेपर, शेडनेट, द्राक्षबागांवरील आच्छादने, खतांची पोती, कीटकनाशकांच्या बाटल्या, रोपवाटिकेचे ट्रे अशी ही यादी मोठी आहे. यांतील बहुतेक वस्तूंनी शेतकऱ्याचे हित केले आहे. ठिबकने पाणी वाचविले, मल्चिंगने तण व बाष्पीभवन रोखले. त्यांना शत्रू मानण्याचे कारण नाही. प्रश्न त्यांचा उपयोग संपल्यानंतरचा आहे. मल्चिंगचा कागद अवघा २५-३० मायक्रॉन जाडीचा असतो. एका हंगामानंतर तो उन्हाने जीर्ण होतो, काढताना फाटतो आणि त्याचे तुकडे मातीत राहतात. उरलेला भाग बांधावर ढीग करून पेटविला जातो किंवा ओढ्याच्या कडेस लोटला जातो. पहिल्या मोठ्या पावसात ओढा तो घेऊन जातो.

दुसरा प्रकार पानटपरीचा आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरीही माव्याची पुडी प्लॅस्टिकच्या चौकोनी कागदात बांधून घेण्याची सवय गावोगाव टिकून आहे. हा कागद इतका लहान व हलका असतो, की तो कोणी वेचत नाही. भंगारवाल्याकडे त्याला मोल नाही. वेफर्सच्या व मसाल्याच्या बहुपदरी पुड्यांचेही तसेच आहे.

तिसरा प्रकार श्रद्धेशी संबंधित असल्याने त्यावर बोलताना संकोच होतो. वाई, माहुली, औदुंबर, हरिपूर येथील घाटांवर निर्माल्य नदीत सोडण्याची रीत जुनी आहे. फुले व पाने कुजून पाण्यात मिसळत, तेव्हा तिचा उपद्रव थोडा होता. आज पुलावरून जाणारी गाडी क्षणभर थांबते आणि निर्माल्य पिशवीसकट खाली पडते. नदीला हात जोडून तीतच प्लॅस्टिक टाकावे, असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही. पुलाच्या दोन्ही टोकांस निर्मालयकुंड ठेवणे आणि त्यातील फुलांचे खत करणे, हे नगरपालिकेस वा ग्रामपंचायतीस सहज जमण्यासारखे आहे.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. असा पूर येतो, तेव्हा घरे, दुकाने, गोदामे व उकिरडे यांतील प्लॅस्टिक एकाच वेळी नदीत येते. जे वर्षभर थोडे थोडे गेले असते, ते काही दिवसांत जाते. पूररेषेच्या आत कचऱ्याचा डेपो असू नये, हे त्यामुळे केवळ सौंदर्यदृष्टीचे म्हणणे राहत नाही.

कायदा काय सांगतो

केंद्राच्या २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी ग्रामीण भाग प्रथमच कक्षेत घेतला आणि ग्रामपंचायतीवर जबाबदारी टाकली. महाराष्ट्र शासनाने २००६ च्या अधिनियमाखाली २३ मार्च २०१८ रोजी अधिसूचना काढून प्लॅस्टिकच्या पिशव्या व थर्माकोलच्या ताटवाट्या आदींवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,००० रुपये आणि तिसऱ्यास २५,००० रुपये व तीन महिन्यांपर्यंत कारावास अशी तरतूद तीत आहे. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ, कानकाड्या इत्यादींवर देशभर बंदी आली, आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून पिशवीची किमान जाडी १२० मायक्रॉन ठरविण्यात आली. जाडीची अट का, असा प्रश्न शाळांतून विचारला जातो. पातळ पिशवी शेकड्याने वेचली, तरी तिचे वजन भरत नाही, म्हणून ती वेचली जात नाही. जाड पिशवीस वजन व किंमत दोन्ही असल्याने ती परत फिरते.

स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण भागातील दुसऱ्या टप्प्यात, २०२० पासून, तालुका पातळीवर प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन केंद्रासाठी १६ लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद होती. केंद्र उभे राहिले, तरी स्वच्छ व कोरडे प्लॅस्टिक गावांतून आले नाही, तर तेथील यंत्र बसून राहते, याकडे मात्र लक्ष वेधावेसे वाटते. खालून पुरवठा व्हावा लागतो आणि त्याची सुरुवात घरातच होते. कराड नगरपालिकेने २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत देशात पहिला क्रमांक मिळविला. कृष्णा-कोयनेच्या संगमावरील गावाने हे करून दाखवावे, यास विशेष अर्थ आहे.

प्रत्येकाने काय करावयाचे

बाजारास जाताना कापडी पिशवी न्यावी, हा उपदेश आता सर्वांस पाठ आहे. मात्र पिशवी घरी खुंटीवर राहते. ती सायकलीच्या वा मोटारसायकलीच्या हँडलला कायमची अडकविणे, एवढाच त्यावर उपाय आहे. मटण व मासळी आणण्यास झाकणाचा डबा न्यावा. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्णपणे तोडून टाकू नये, तो पिशवीस चिकटलेला राहू द्यावा. तोडलेला तुकडा मोरीतून गटारात व तेथून ओढ्यात जातो. उरलेली पिशवी धुऊन वाळवून ठेवल्यास भंगारवाला ती आनंदाने घेतो. लग्नकार्यात कागदी म्हणून वापरल्या जाणाऱ्या पेल्यांना व पत्रावळींना आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, हे लक्षात ठेवावे. पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि स्टीलची भांडी यांना आजही पर्याय नाही. महिला बचत गटांनी पाचशे पानांची ताटवाटी भाड्याने देण्याची सोय केली, तर गावास ती सोयीची आणि गटास ती मिळकतीची होईल.

प्लॅस्टिक चुलीत वा पाणी तापविण्याच्या बंबात जाळू नये. पीव्हीसी जाळल्यास डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होतात आणि बंबापाशी बसणाऱ्या घरच्या स्त्रीच्याच श्वासात ती प्रथम जातात.

शिक्षकांनी सातवी-आठवीच्या वर्गास एक साधा प्रयोग द्यावा. प्रत्येक विद्यार्थ्याने आठवडाभर घरातील सर्व प्लॅस्टिक एका पोत्यात साठवावे आणि ते किराणा दुकानाच्या तराजूवर तोलावे. त्यातील किती भंगारवाला घेतो आणि किती नाकारतो, हे निरनिराळे लिहावे. मग कृष्णेच्या नकाशावर आपल्या गावापासून समुद्रापर्यंतचा मार्ग रेखाटावा. भूगोल, गणित व नागरिकशास्त्र यांचा हा एकत्र धडा होतो.

ग्रामपंचायतींसाठी वेळेचे महत्त्व सर्वांत अधिक आहे. वर्षभर साचलेले प्लॅस्टिक पावसाळ्याच्या पहिल्या एक-दोन लोंढ्यांतच बाहेर पडते. म्हणून ओढ्यांची, गटारांची व मोऱ्यांची सफाई मृग नक्षत्र लागण्यापूर्वी पूर्ण झाली पाहिजे. आषाढात केलेल्या सफाईने फक्त छायाचित्रे मिळतात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या बाबतीत तर ही दक्षता विशेष घ्यावी. उन्हाळ्यात बर्ग्यांना टेकून बाटल्या, थर्माकोल व जलपर्णी यांचा थर साचतो. पावसाच्या तोंडावर बर्गे काढले, की तो सर्व थर एका दिवसात खाली सुटतो. बर्गे काढण्याची तारीख पाटबंधारे शाखेकडून आधी विचारून घ्यावी आणि त्यापूर्वीच्या आठवड्यात नावेतून व काठावरून हा कचरा उचलावा. त्याच सुमारास रब्बी व उन्हाळी पिकांचे मल्चिंग आणि जुन्या ठिबकच्या नळ्या शेतातून निघतात. त्यांसाठी विकास सेवा सोसायटीच्या आवारात एक जागा ठरवून, खरेदीदाराची ट्रॉली गावात एकाच दिवशी बोलावल्यास शेतकऱ्यास चार पैसे मिळतात आणि तो ढीग ओढ्याकडे जात नाही. ही तारीख मे महिन्याच्या ग्रामसभेत ठरवून फलकावर लिहावी.